वाटणीच्या विड्या

कण्णूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या कोरनने शेजारच्या बाकाकडे हळूच कान लावला. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्याशी एक म्हातारी बोलत होती.

“कुंजंबूदादा, विडी कारखान्यात तुम्ही आम्हाला कादंबरी वाचून दाखवायचात, आम्ही तुमच्या वाटणीच्या विड्या वळायचो.”

“माधवी, संपलं गं वाचन. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“म्हणून तर पुस्तक आणलंय. ऐका. ‘तिचा राग दुधासारखा उतू गेला.’ काय हे?”

“उपमा! मीच शिकवली तुला.”

“म्हणून तर शाळा न शिकता सासूशी अलंकारांत भांडले! ‘तेवढ्यात दारावर थाप पडली...’”

“मग? थांबलीस का?”

“तुम्हीही इथंच थांबायचात. आधी माझ्या वाटणीच्या विड्या वळा!”

“वळतो गं बाई, आण पानं-तंबाखू! पण दारात कोण, ते तरी सांग!”