यादीतून गळलेली धर्मशाळा

ऐका. जवळ सरका, शेकोटीत काटकी टाका. माझा थोरला चुलता गेनबा पाथरवट, त्याच्यावर बेतलेली ही गोष्ट.

सरकारातून कागद आला होता. गावातल्या जुन्या वास्तूंची यादी करा, यादीत येईल ते कुणी पाडायचं नाही. यादी लिहायला दौलत नेमला. दौलत म्हणजे चुलत्याचा लहानपणापासूनचा दोस्त. आठ दिवस दोघं हिंडले. वेशीची कमान, चावडी, आणि माळावरची धर्मशाळा. ती धर्मशाळा चुलत्याच्या पणज्यानं बांधलेली. चुलता एकेक दगड दाखवायचा, दौलत लिहून घ्यायचा.

पुढं तालुक्याच्या कचेरीत चुलत्यानं यादी पाहिली. कमान होती. चावडी होती. धर्मशाळा नव्हती.

कारकून म्हणाला, "नवा रस्ता तिथून जाणार. नाहीतर दौलतरावांच्या उसातून गेला असता."

चुलता कचेरीतून बाहेर पडला. दिवस बुडाला होता, गाडी गेलेली. दौलतला तोंडावर विचारायचं, म्हणून पायीच निघाला. माळाच्या वाटेनं.

धर्मशाळा ओलांडली. चालला, चालला. पुढ्यात परत धर्मशाळा. उजवीकडं वळला. परत तीच. चकवा लागला होता, बरं का. माणूस जन्मभराची वाट विसरतो त्यात.

तिसऱ्या खेपेला आत दिवा दिसला. बैलांच्या घुंगरांचा आवाज, भाकरी भाजल्याचा वास. आणि तिथं चाळीस वर्षांत कुणी मुक्काम केलेला नाही.

चुलता मान खाली घालून निघाला. तेवढ्यात मागून हाक आली, "गेनबा."

दौलत. तेच धोतर, तोच आवाज. "गेनबा, चुकलं माझं. उसापायी तुझ्या पणज्याचं काम पुसलं मी. पण आता नाव घातलंय. आत ये, कागद दाखवतो."

चुलत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कचेरीतून निघाल्यापासून हेच तर ऐकायचं होतं त्याला. गेला मागं. ओटा ओलांडला, खोली ओलांडली. पुढचा चालत होता आणि म्हणत होता, "माफ कर गेनबा, पाया पडतो तुझ्या."

तिथं चुलत्याचा पाय थबकला. चाळीस वर्षांच्या दोस्तीत दौलतनं कधी कुणाची माफी मागितली नव्हती. बायकोची नाही, आईची नाही.

"तू दौलत नव्हं," चुलता म्हणाला.

दिवा विझला. चुलत्यानं पायानं चाचपलं, तर पुढं नुसती पोकळी. मागल्या अंगाची बारव होती, तिच्या काठावर अर्धं पाऊल. तो मागं कलंडला आणि दगड धरत, रांगत बाहेर आला. गुडघे फुटले. तांबडं फुटलं तेव्हा वाट सापडली.

तडक दौलतच्या दारात गेला. खरा दौलत मिश्री लावत बसला होता.

"यादीत धर्मशाळा का नाही, दौलत?"

दौलतनं चूळ भरली. म्हणाला, "कुठली धर्मशाळा? चहा घेतोस का?"

चुलता माघारी फिरला. मरेपर्यंत त्या दारात गेला नाही.

आता तिथून डांबरी रस्ता जातो. दिवसा बसमधून खुशाल जा. पण अंधारात पायी त्या वाटेला जाऊ नका, पोरांनो. आणि गेलातच, अन् ज्यानं दगा दिला तोच गोड बोलून बोलवायला लागला, तर थांबू नका. कितीही थांबावंसं वाटलं तरी.