उरवलेल्या कॅप्सूल

शिशी हाय व, कावून नसन — पन तुले देनार नाही. नाही म्हनजे नाही. मीठ माग, विस्तव ने, सूप ने, शिशी मागू नको. कशाले पायजे हे तूच सांगून राह्यली ना आता — का तुह्या गुलाबचा ताप उतरला, पोट्टीनं काल भात खाल्ला, आन ज्या कॅप्सूल उरल्या त्या शिशीत भरून देरासंग गावी सालेकशाले धाडाच्या, तीनाच्या पाशिंजरनं, कावून का तथी जाऊचं पोरगं तापानं पडलं हाय. बस जरा. गुलाबजवळ कोन हाय? शेजारची शेवंता हाय? मंग झालं, बस म्हन्लं ना मथुरा, पाशिंजरले लय वेळ हाय. माह्या नलूकडे नको पाहू. तिले काही आयकू जात नाही, तिच्यासमोर काहीही बोल. ती आपली तांदूळ निसून राह्यली. सहा वर्साची झाली, पन खडा एक नाही सोडत, पाह्य — सारं ध्यान डोळ्यातच जाते ना आता तिचं.

तुले डाक्टरनं काय सांगतलं? दहा दिवस, भोंगा झाला का एक. सहाचा भोंगा, दोनाचा, रातचा दहाचा. मले मालूम हाय ना, मलेही तेच सांगतलं होतं, तोच डाक्टर. या टिनाच्या खोल्यायमधी कोनाजवळ घड्याळ हाय का? — नाही. हे त्या बंगाल्याले समजते, म्हनून त्यानं प्लान्टच्या भोंग्यावर औषध बांधून देल्लं. हुशार मानूस. आन दारापर्यंत मांगं येऊन सांगे, 'बुखार उतर जाएगा, फिर भी देना. पूरा देना.' मी मान हालवली. तूही हालवली असशीन. मान हालवाले आपन लय पुढं — घरी आलं का आपलंच खरं. दुखनं गेलं, आता औषध कशाले? आपल्या मायनं काय शिकवलं? ताप उतरला का काढा बंद. भाजी उरली तर शेजारी दे, औषध उरलं तर ज्याले गरज हाय त्याले दे, टाकू नको, पाप लागते. आन गावाकडे असं औषध पाटलाच्या घरीही नाही. इथी ठेकेदाराच्या दवाखान्यात चिठ्ठी दाखोली का हातात पडते. मंग आपल्या लेकराच्या तोंडात कॅप्सूल टाकतानी गावचं लेकरू आठोते, आपन चोर असल्यावानी होते. होते ना? तुलेही तेच झालं. तू काही वाईट मनाची नाही, म्हनून तर बसवून घेतलं तुले, नाहीतर केव्हाच हाकललं असतं.

काय म्हन्ली? — हो, हो, मालूम हाय. 'तुमची गोष्ट अलग होती बाई, तुमाले त्या कंपाउंडरनंच कॅप्सूल कमी देल्ल्या.' तू मागच्या होळीले आली या कॅम्पात, आन तुलेही सांगतलं कोनीतरी. सांगनारच. आयक मंग माह्या तोंडून आयक. नलू चार वर्साची होती. कान दुखे, रडे, कानातून पू याले लागला, कानामांगं सूज, आन ताप असा का हात ठेवला का चटका बसे. डाक्टरनं चिठ्ठीवर तीस कॅप्सूल लिहून देल्ल्या. फोडून, सहदात कालवून देत होती मी. चवथ्या दिवशी ताप गेला. पोट्टी उठून बसली, बापाले म्हने मले जलेबी पायजे. आन बोले किती व ती — आता तुले खरं वाटनार नाही. दिवसभर तोंड बंद नाही. नलूचे बाबा चिमनीच्या कामावर होते तवा, ते आले का दारातच धरे त्यायले — बाबा, आज चिमनी किती वर गेली, तुमी किती वर गेले, तथून मी दिसली का? मी म्हनो, बस कर व बाई, कान किटले माहे. असं म्हनो मी. माह्याच तोंडानं.

मंग वीस-बावीस दिवस गेले असन. पोट्टी डोकं धरून बसली. उलट्या झाल्या, मान ताठ झाली, उजेड दिसला का ओरडे. झटके याले लागले. नलूच्या बाबानं उचलली आन पळाले, पयले ठेकेदाराच्या दवाखान्यात, मंग तथून मोठ्या. मोठ्या दवाखान्यात पाठीत सुई टोचून पानी काढलं तिच्या, महिनाभर ठेवलं. वाचली. घरी आनली त्या दिवशी मी मांगून हाक मारली — नलू. पायलं नाही तिनं. थाळी आपटली. पायलं नाही. डाक्टर म्हने, दुखनं मेलं नव्हतं, कानामांगच्या हाडात दबून बसलं होतं, थोडं औषध भेटलं म्हनून चूप झालं, मंग तथूनच डोक्यात चढलं. चूल विझली दिसते म्हनून राखेत हात घालते का कोनी? तसं. म्हनून सांगून राह्यली मी, गुलाबच्या घश्याची सूज गेली म्हनजे दुखनं गेलं असं नाही. घश्याचं दुखनं तर काळजात उतरते म्हन्ते तो डाक्टर.

उठली कावून? — समजलं. तुले वाटून राह्यलं, इचं काय, इले कमी भेटल्या, माह्या तर पुऱ्या हाय, आन पोट्टी तर खेळून राह्यली, घेतल्या काढून चार-दहा तर काय होते. आन जाऊले तोंड काय दाखवू. तेच ना? मले तुझं तोंड वाचता येते मथुरा. मी आरशात तेच तोंड पायलं हाय.

थांब. दार लोट जरा. नलूचे बाबा सकाळपाळीले हाय, दोनाच्या भोंग्यानंतरच येईन. तरी लोट.

कमी नव्हत्या देल्ल्या त्यानं.

बस खाली. कमी नव्हत्या म्हन्लं ना — तीस होत्या. पुऱ्या तीस. मी पाच दिवस देल्ल्या आन पंधरा ठेवून घेतल्या. माहा भाऊ, तेजराम, त्याचं पोरगं तापानं फनफनलं होतं, आमगावाकडून निरोप आला होता. तेजरामले चार पोरी झाल्यावर झालेलं ते पोरगं. माय मले सपनात दिसे — म्हने, माह्या तेजरामचा एकच दिवा हाय, इझू देशीन का? आन इथी नलू जलेबी मागून राह्यली, हसून राह्यली. काय वाटन तूच सांग. मी शिशी धुतली, उनात वाळवली, कॅप्सूल भरल्या, वरून कापूस, तोंडाले फडकं बांधलं — आन गावच्या मानसासंग धाडून देल्ली. अशीच. याच पाशिंजरनं. त्या दिवशी मले किती मोठं वाटलं होतं, तुले काय सांगू. बहीन असावं तर असं, असं वाटलं.

आन सांगू, त्या पोराले काय झालं होतं? हिवताप. कुनैनच्या गोळ्या वाटनारा आला होता गावात, त्यानं दोन दिवसात उभा केला त्याले. माही शिशी पोचली तवा पोरगं बोरं खाऊन राह्यलं होतं. वहिनीनं शिशी डब्यात ठेवली, अडी-अडचनीले कामी येईन म्हनून. अजून हाय तथी. दिवाळीले गेली का मोठ्या मायेनं काढून दाखोते मले — 'आत्याबाई, तुमची आठवन जपून ठेवली.' मी पाहातो, हसतो, जेवतो. कॅप्सूल आता काळ्या पडल्या. माही पोट्टी मुकी झाली आन त्या डब्यात पडून हाय तिचं औषध, कोनाच्याही पोटात न जाता. तुह्या जाऊच्या पोराले काय झालं हाय हे तरी मालूम हाय का तुले? ताप. बस, ताप. तापाचे का एकच बाप असते?

आता पुढचं विचारू नको. — विचारलं नाही तू, पन पाहून राह्यली तशी. दिवाकर कंपाउंडर. नलूले झटके आले त्या दिवशी डाक्टर माह्यावर ओरडला, 'तीस दिया था, पूरा खिलाया?' आन नलूचे बाबा बाजूले उभे. लाल डोळे. मी काय म्हनलं? — मी म्हनलं, पंधराच भेटल्या. तोंडातून निंघून गेलं व. विचार करून नाही बोलली, कसम घे. पन निंघालं ते निंघालं. मंग सगळे त्याच्यावर धावले. तो रायपूरचा, तथली जुनी मराठी मानसं, पुस्तकावानी बोले, बायायले ताई म्हने. लोक म्हने दुर्गच्या बाजारात विकत असन चोरून. नलूच्या बाबानं कॉलर धरून दोन ठेवून देल्ल्या त्याले, दवाखान्यातच, सगळ्यायसमोर. त्यानं हात नाही उचलला. मले म्हने —

'ताई, तुमच्या ओंजळीत मोजून दिल्या होत्या मी. तुम्ही माझ्याबरोबर मोजत होता. सांगा ना.'

मोजत होती मी. मले मोजनं येते हे दाखवाले जोरानं मोजत होती — एक, दोन, तीन. तीस झाल्यावर तो हसला होता आन म्हने, शाब्बास ताई. आन मी काय केलं तवा? पदर वढला तोंडावर आन रडली. रडूही खरं होतं व, पोट्टी तथी आत तडफडत होती. लोकायनं समजून घेतलं जे समजाचं ते. ठेकेदारानं त्याच दिवशी काढला त्याले. बायको पोटुशी होती त्याची, सरला नाव. बंडीत सामान टाकून गेले. कुठी गेले, काय करून राह्यले — मी कोनाले विचारलं नाही. विचारीन कोन्या तोंडानं?

तू म्हनशीन, आता सांगून टाका. कोनाले सांगू? नलूच्या बाबाले? तो मानूस दर रविवारी पोट्टीले खांद्यावर घेऊन वैद्याकडे जाते, कधी जामुलले, कधी अहिवाऱ्याले, कोनी सांगन तिकडं. त्यानं त्या कंपाउंडरच्या नावानं शिव्या देल्ल्या का त्याले झोप येते. त्याची झोप काढून घेऊ? मी एकडाव एकटीच गेली डाक्टरकडे. विचारलं, साहब, तीसही दिया रहता तो? मंग म्हने, 'कह नहीं सकते.' दोन वर्स झाले, मी त्या तीन शब्दावर जगून राह्यली. कधी म्हनतो, पाय, देल्ल्या असत्या तरी झालंच असतं. कधी म्हनतो, नसतं झालं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं.

आन खरं सांगू, हे तर मी देवालेही नाही सांगतलं — नलू पोरगा असती तर तिच्या कॅप्सूल थांबवल्या असत्या का मी? नाही. धाडलीच नसती शिशी. म्हनलं असतं, तेजराम, तुझं तू पाय. पोट्टी होती ना. पोट्टीले पाच दिवस बस्स झाले, पोरगा तिकडं हाय. असं कोनी शिकवलं नाही मले, आन विचारही केला नाही मी. हातानंच काढून ठेवल्या. तुझी गुलाबही पोट्टीच हाय, आन जाऊचं ते पोरगं हाय. मी काही म्हनत नाही. तूच पाय तुझ्या मनात.

नलू पयले 'माय' म्हने नीट. आयकू नाही येत तर बोलनंही वितळून चाललं तिचं. मंग 'मा' म्हने. आता नुसतं 'आ' म्हनते. मी समजून घेतो. पुढच्या वर्सी तेही राह्यते का नाही.

रडून काय होते व, पूस डोळे. भोंगा झाला, आयकू आला ना? नलूच्या बाबाचा याचा टाइम झाला, दार उघड आता. जाऊले निरोप धाड का पोराले घेऊन इकडं ये, डाक्टरले दाखो, औषध त्याच्या नावानं भेटन. माह्याकडं झोपा म्हन त्यायले हवं तर. आन माही गोष्ट — आता तुह्याजवळ हाय. मी गळा धरून चूप बस म्हननार नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. नळावर जाऊन सगळ्यायले सांग, नलूच्या बाबाले सांग, दिवाकर सापडला तर त्यालेही सांग. पन आधी घरी जा आन पोट्टीले ही दोनाची कॅप्सूल दे. मंग नळावर जाजो.