टेपवर नसलेले ड्रम

पीटरदादा आता गाडीत रेडिओ का लावत नाही, सांगतो. ओमानमधल्या दुक्मच्या रस्त्यावर, भर दुपारी, मोबाइलवर त्याचा ख्रिस्ती रेडिओ चालू होता. निवेदक म्हणाला, "मराठीत पहिल्यांदा ख्रिस्ती रॉक गाणाऱ्या नगरच्या पोरांची ही आठवण." ती पोरं म्हणजे दादाचाच बँड.

गाणं सुरू झालं आणि दादाने गाडी कडेला घेतली.

"यात ड्रम नव्हते रे. पाळकसाहेब ड्रमला सैतानाचं वाद्य म्हणायचे, तरी आमचा सॅमसन वाजवायचा. तो वारला, मग हे गाणं आम्ही ड्रमशिवायच रेकॉर्ड केलं."

"रेडिओवाल्यांनी मागाहून घातले असतील," शेजारी बसलेला मी म्हणालो.

"असतील. पण सॅमसन धृपदाला नेहमी घाई करायचा." दादा ऐकत राहिला. "आताही करतोय."