उत्तर दरवर्षी दहाच

पूर्णगडच्या एसटीत मागच्या सीटवर आपल्याच कॉलेजच्या दोन मुली बसल्यात, हे केमिस्ट्रीच्या मालिनीबाईंना आवाजावरून कळलं.

"अमरीन, तुला प्रॅक्टिकलला भोपळा?"

"ब्युरेटची अख्खी नळी रिकामी केली गो, वैदेही. फ्लास्कात गुलाबी रंग येईचना. मी तसंच लिहिलं."

"आमच्याही कुणाच्या आला नाही."

"मग तू दहा मिलीला रंग आला, हे कुठून आणलंस?"

"सिनियर सांगून ठेवतात. इथे उत्तर दरवर्षी दहाच."

"द्रावणाच्या बाटलीत नुसतं पाणी होतं. मी मालिनीबाईंना जाऊन सांगितलंसुद्धा."

"मग?"

"म्हणाल्या, बाकी सगळ्यांना रंग दिसला, तुझेच डोळे फुटले का?"

मालिनीबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"आता फेरपरीक्षेत काय लिहिशील?"

"दहा."