विनीताच्या देवापुढची पिवळी वाटी

…मला सांगा, माझं चुकलं कुठे? मी काही लोकांच्या घरात नाक खुपसणारी नाही, पण इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला आमची आणि विनीताची भिंत एक, आणि ती आठवडाभर घोकतेय, ‘सुवर्णाताई, रुचाच्या ॲडमची आजी येतेय शनिवारी, त्यांचं वळण बघीन, मगच लग्नाला होकार,’ असं ऐकल्यावर घरात बसवतं का हो? गेले. तिच्या लेकीचं, रुचाचं तोंड एवढंसं झालेलं. आजी ऐंशीच्या, मूळच्या पोलंडच्या, हातात काचेच्या वाट्यांचा ट्रे. ‘कोगेल-मोगेल,’ म्हणाल्या. पिवळंधमक, दाट, मऊ… आम्रखंडच म्हणा ना. आता घरात गोड आलं की आधी देवापुढे, हे काय मला शिकवायला हवं? मी नाक खुपसत नाही, पण विनीता आत चहा टाकत होती, म्हणून मीच एक वाटी देवापुढे ठेवली, वर तुळशीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले.

मग आपलं सहज आजींना विचारलं, कसं करता हे? त्या खूश. हवेत चमचा गरागरा फिरवत म्हणतात, ‘शुगर, अँड ट्वेल्व्ह एग्ज, ओन्ली यलो. नो कुकिंग.’

बारा अंडी. तीही कच्ची. ज्या घरात केकसुद्धा बिनअंड्याचा लागतो, त्या घरात, देवापुढे…

रुचा पुटपुटली, ‘काकू, व्हॉट डिड यू डू…’ ॲडम स्वतःच्या मोज्यांकडे बघत बसला. विनीता कप घेऊन दारातच थिजलेली, तिने सगळं ऐकलेलं. मी मनात म्हटलं, मोडलं लग्न, आणि मोडणारी कोण, तर मी, जी कधी नाक खुपसत नाही. आणि आजी? देव्हाऱ्याकडे बघतायत, डोळे भरलेले. ‘यू गेव्ह इट टु युअर गॉड… फर्स्ट?’

विनीताने कप खाली ठेवले. मग ती वाटी उचलली, कपाळाला लावली, डोळे मिटून एक चमचा गिळला. प्रसादाला नाही कसं म्हणणार हो ती? पाणी प्यायली आणि रुचाला म्हणाली, ‘वाक, नमस्कार कर आजींना.’

मी सुटकेचा श्वास सोडतेय, तेवढ्यात वाटी माझ्यापुढे. ‘सुवर्णाताई, नैवेद्य तुम्ही दाखवलात ना? मग उरलेला प्रसाद तुम्हीच संपवायचा.’

जन्मात अंड्याला हात लावला नव्हता मी… संपवली. आणि आता तुमच्यापासून काय लपवायचं… चांगली लागली हो.