बंदी उठवायचा ठराव

चहा राहू द्या गं, आधी हे ऐका! युद्धाविरुद्ध बोलणारा आमचा पाच जणींचा गट तुम्हाला ठाऊकच हाय. दौंड स्टेशनाबाहेर आम्ही फलक धरून उभ्या राहायचो आन् लोक गाडी गाठायला पळायचे. म्हणून यंदा मी गावातल्या शेतकी सोसायटीच्या वार्षिक सभेत ठरावच नेला: परक्या फौजांनी दुसऱ्याच्या देशात घुसू नये, तिथं जाणाऱ्या औषधांवरची बंदी उठवावी.

आता आमची सभा म्हंजी कशी, सेक्रेटरीनं विषयाचा नंबर वाचला की सगळे ओरडणार, "मंजूर! मंजूर!" आन् मग जेवण. माझा ठराव शेवटचा. मी "परक्या फौजांनी" एवढंच म्हणाले, तवर "मंजूर! मंजूर!" लोक उठले बी!

मला तर हसावं का रडावं कळंना. तेवढ्यात मागनं ऐंशीच्या घरातले आप्पा उभे राहिले.

"थांब पोरी. आम्ही काय मंजूर केलं? नीट वाच."

मी सगळं वाचलं. उठलेले लोक परत खाली बसले.

"लेकरांची औषधं बी अडवत्यात?"

"व्हय, आप्पा."

"मग ज्याला मंजूर असंल त्यानं हात वर करा."

अगं, एकूण एक हात वर!

चेअरमन हसत माइकवर आले. "चला, आता जेवायला चला."

आप्पा काही खाली बसले न्हाईत.

"जेवण कुठं पळून जात न्हाई. आता एक नंबरपासनं सगळे विषय असेच वाचा."