भीमेच्या वाळूत सायकल

लोक सायकल बघून गिअर किती, वजन किती, असलं विचारतात. मांडवगणच्या आबांनी मात्र भलतंच विचारलं.

परदेशातल्या वाळवंटात सहा दिवसांची सायकल रेस आहे, म्हणून मी रोज न्हावऱ्याहून मांडवगणला जायचो आणि भीमेच्या पात्रातल्या वाळूत सराव करायचो. दहा फूट गेलं की चाक रुतायचं आणि मी आडवा. काठावर एक म्हातारे धनगर आबा हे रोज बघत बसायचे. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

“वर डांबरी हाय की रं! हितं का पडतुयास?”

“आबा, रेसला सगळी वाळूच आहे. सहा दिवस.”

“ऱ्हायाचं कुठं?”

“रोज नव्या जागी तंबू.”

“आन् सामान?”

“ते गाडीनं पुढं जातं.”

“आमचं घोड्यावर जायाचं!” आबा खुशीत आले. “म्हंजी आमच्या मेंढरांच्या वाड्यावानीच की. आमी बी असंच मेंढरं घिऊन, रोज नवा तळ टाकत कोकणात उतरायचो.”

मग खाली येऊन त्यांनी टायर अंगठ्यानं दाबला. “लई टणक हाय. हवा सोड जरा.”

सोडली, तर सायकल पन्नास पावलं सरळ गेली! मी आनंदानं मागं वळलो. आबा विचारात पडले होते.

“समदं कळलं. पन तुमची मेंढरं कुठं हायती?”

“मेंढरं नसतात, आबा.”

“एक बी न्हाई?”

“नाही.”

“मग जाताय कशापायी?”

तेव्हापासून मी पूल ओलांडून दौंडच्या बाजूनं पात्रात उतरतो.